चांद्याच्या फासापर्यंत

इंग्रजांविरुद्ध उठलेले मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी दिली. चंद्रपूर-गडचिरोलीत ही तारीख पोरासोरांनाही पाठ आहे. पण फास एका दिवसात आवळला गेला नाही. तो आवळायला पावणेपाच वर्षं लागली, आणि दोराला ज्यांचे हात लागले ते सगळे इंग्रज नव्हते. इथे दिवस मोजले आहेत ते फाशीच्या त्या गुरुवारापासून मागे.

११ डिसेंबर १८५३, नागपूर. उरले १,७७५ दिवस.

तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता. दत्तकाचा हक्क डलहौसीने मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. त्या राज्यातच चांदा होता, आणि चांद्याच्या पूर्वेला-दक्षिणेला वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंत पसरलेलं जंगल. जंगलात जमीनदाऱ्या होत्या: अहेरी, अडपल्ली, घोट, मोलमपल्ली. हे जमीनदार गोंड राजांना मानत आले होते. पुढे भोसल्यांनाही ते नावापुरती टाकोळी (खंडणी) भरत. बाकी जंगल त्यांचं, न्याय त्यांचा, शिकार आणि मोहफूल रयतेचं. खालसा केलेल्या राज्याबरोबर हे सगळंही कंपनीच्या वहीत चढलं. नागपूरच्या दरबारात वारस कोण, हा वाद मोलमपल्लीचा नव्हता. निकाल मात्र मोलमपल्लीलाही लागू झाला.

डिसेंबर १८५४, चांदा.

आर. एस. एलिस जिल्ह्याचा पहिला डेप्युटी कमिशनर म्हणून आला. छत्तीस वर्षांपूर्वी, मे १८१८ मध्ये, चांद्याचा कोट घ्यायला इंग्रजांना तोफा लावाव्या लागल्या होत्या. या वेळी एक कचेरी पुरली. कचेरीमागून ठाणी आली, वसुली आली, कागद आला. बाबूराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते.

१३ जून १८५७, मध्यरात्र, नागपूर. उरले ४९५ दिवस.

मेरठच्या उठावाला महिना उलटला होता. नागपूरच्या घोडदळाने शहरातल्या लोकांशी संधान बांधलं होतं. ठरलं असं, की मध्यरात्री शहरातून पेटते फुगे आकाशात सोडायचे आणि ते दिसले की उठायचं. त्याआधी पायदळाला फितवण्यासाठी एक दफेदार पाठवला. पायदळाने त्यालाच धरून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हवाली केलं. बेत तिथेच फसला. नागपूर शांत राहिलं, आणि दीडशे किलोमीटर दक्षिणेला चांद्याच्या जंगलात पुढच्या वर्षी जे घडलं ते एकट्याने घडलं. मागे उभी राहील अशी राजधानी उरली नव्हती.

२४ सप्टेंबर १८५७, गुरुवार. उरले ३९२ दिवस.

बाबूरावांनी जंगोम सेना उभी केली. चार-पाचशे तरुण, बहुतेक गोंड. हत्यारं घरातली: तिरकमठा, कुऱ्हाड, भाला, क्वचित तोड्याची बंदूक. दिल्ली त्याच आठवड्यात इंग्रजांच्या हाती परत गेली होती. २० सप्टेंबरला शहर पडलं, २१ला बादशहा पकडला गेला. मोलमपल्लीत सेना बांधली जात होती तेव्हा ज्या उठावाची ती शाखा ठरणार होती त्याचं खोड तुटलं होतं.

१० डिसेंबर १८५७, गुरुवार, रायपूर. उरले ३१५ दिवस.

सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना फाशी दिली. ते बिंझवार आदिवासी. १८५६च्या दुष्काळात त्यांनी एका व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार फोडून उपाशी लोकांना वाटलं होतं. त्यासाठी तुरुंग भोगला, तुरुंगातून निसटले, पाचशे माणसं गोळा केली. त्यांच्या फाशीइतकीच महत्त्वाची गोष्ट त्यांना पकडलं कसं, ही आहे. इंग्रजी तुकडीला वाट आणि माणसं पुरवली शेजारच्या जमीनदारांनी, त्यात देवरीचे जमीनदार पुढे होते. जंगलातला माणूस जंगल जाणणाऱ्यानेच धरायचा, ही पद्धत छत्तीसगडात यशस्वी ठरली. चांदाही त्याच नागपूर प्रांताच्या कारभारात होता.

या सगळ्या घटनाक्रमात मला हा इशारा सर्वांत मोठा वाटतो. तो चांद्याच्या जंगलात कुणी वाचला नाही.

१८ जानेवारी १८५८, संध्याकाळी साडेसात, रायपूर. उरले २७६ दिवस.

पलटणीतला शिपाई हनुमानसिंह सार्जंट-मेजर सिडवेलच्या घरात शिरला आणि त्याने त्याला ठार केलं. पलटण काही त्याच्यामागे उठली नाही. हनुमानसिंह निसटला. चार दिवसांनी, २२ जानेवारीला, त्याच्या सतरा साथीदारांना रायपुरात सर्वांसमक्ष फाशी दिली. घटना सोमवारी, फाशी शुक्रवारी. त्या वर्षी नागपूर प्रांतात न्याय इतक्या दिवसांत उरकत होता.

७ मार्च १८५८, रविवार. उरले २२८ दिवस.

बाबूरावांनी राजगड परगणा घेतला.

चांद्याला बातमी पोचली तेव्हा डेप्युटी कमिशनरच्या खुर्चीवर कॅप्टन क्रिक्टन होता. चांद्यातली फौज थोडी होती. उन्हाळा तोंडावर होता. नद्या उतरल्या होत्या, म्हणजे पायवाटा मोकळ्या होत्या, त्याला आणि बाबूरावांनाही. त्याने तुकडी पाठवायचं ठरवलं.

१२ मार्च, शुक्रवार. उरले २२३ दिवस.

बाबूरावांना पंचवीस वर्षं पूर्ण झाली.

१३ मार्च, शनिवार, नांदगाव-घोसरी. उरले २२२ दिवस.

पहिली मोठी गाठ पडली. कंपनीच्या तुकडीला मागे हटावं लागलं.

या विजयाने एक माणूस बाबूरावांकडे आला, तो म्हणजे अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव. त्यांच्यासोबत त्यांची माणसं आणि रोहिले. रोहिले हे पगारी शिपाई. हैदराबादच्या बाजूने येऊन ते जमीनदारांकडे चाकरी करत. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. रोहिले या हकिगतीत आणखी एकदा येतात.

अहेरी मात्र आली नाही. अहेरी या भागातली सर्वांत मोठी जमीनदारी आणि घराणंही राजगोंडच. तिथे लक्ष्मीबाई जमीनदारीण होत्या. त्यांनी बाबूरावांना साथ दिली नाही, आणि अजून इंग्रजांनाही दिली नव्हती. त्या थांबल्या होत्या. मार्च सरला, एप्रिल आला, अहेरी तशीच.

१९ एप्रिल, सोमवार, सगणापूर. उरले १८५ दिवस.
२७ एप्रिल, मंगळवार, बामणपेठ. उरले १७७ दिवस.

आणखी दोन लढाया. दोन्हींत क्रिक्टनची माणसं मागे हटली. सात आठवड्यांत बाबूराव एकही लढाई हरले नव्हते. गोंडांच्या गावांतून हे वारं कसं फिरलं असेल, याची कल्पना करता येते. पण चांद्याच्या कोटाकडे ते निघाले नाहीत. प्रत्येक विजय जंगलाच्या आतला होता, आणि शहरातली कचेरी रोज उघडत होती.

२९ एप्रिल, गुरुवार, रात्र, चिचगुंडी. उरले १७५ दिवस.

प्राणहितेच्या काठी तारखात्याचा तळ पडला होता. तीन गोरी माणसं: गार्टलँड, हॉल आणि पीटर. एप्रिलअखेरीस प्राणहितेचं पाणी एका बाजूला सरकतं आणि वाळूचं पात्र उघडं पडतं. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे रात्र अंधारी नव्हती. बामणपेठची लढाई होऊन दोन दिवस झाले होते. सबंध मुलूख पेटला होता आणि तळ मात्र तिथेच होता. तो हलवावा, निदान चार बंदूकवाले पाठवावेत, असा निर्णय चांद्याहून आला नाही.

रात्री हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले. पीटर निसटला आणि पुढे क्रिक्टनला जाऊन मिळाला.

तार कशासाठी ओढली जात होती, हे जंगलातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. आदल्या वर्षी उत्तरेत तारेच्या एका निरोपाने पलटणी हलल्या होत्या. तारेवर हात टाकणं हे युद्धाच्या दृष्टीने बरोबरच होतं, असं माझं मत आहे. पण या रात्रीने दोन गोष्टी केल्या. तोवर क्रिक्टनच्या कागदांत परगणा लुटणारा एक जमीनदार होता, आता दोन इंग्रजांच्या खुनाचं प्रकरण झालं. आणि त्या खुनाचा एक जिवंत साक्षीदार होता. ही दुसरी गोष्ट सहा महिन्यांनी किती जड पडणार होती, ते प्राणहितेच्या काठावर त्या रात्री कुणालाच कळण्यासारखं नव्हतं.

मे १८५८, चांदा.

क्रिक्टनने लढाईचा नाद सोडला. त्याने दोन गोष्टी केल्या, दोन्ही कागदावरच्या.

एक: बाबूरावांना पकडून देणाऱ्याला १,००० रुपयांचं इनाम.

दोन: अहेरीला पत्र. बाबूरावांना पकडायला मदत करा, नाही केली तर तुम्हीही बंडात सामील आहात असं धरू आणि जमीनदारी जप्त होईल.

लक्ष्मीबाईंचं नाव या भागात अजूनही कडवटपणे घेतलं जातं. मी त्यांची वकिली करणार नाही. पण त्या पत्रासमोर त्या बसल्या होत्या तेव्हा त्यांना काय दिसत होतं, हेही सांगायला हवं. दिल्ली पडली होती, मार्चमध्ये लखनौ पडलं होतं, ३ एप्रिलला झाशी गेली होती. नागपूर उठलंच नव्हतं. नारायणसिंहांची सोनाखानची जमीनदारी संपली होती. एका पारड्यात अहेरी, दुसऱ्यात मोलमपल्लीचा तरुण जमीनदार. त्यांनी अहेरी निवडली. बाबूरावांच्या दृष्टीने त्या एका होकाराने तीन लढायांचे विजय पुसले गेले.

मेअखेरीस त्यांची माणसं माग काढू लागली. जूनमध्ये पाऊस लागला. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, सगळ्या नद्या भरल्या. अशा दिवसांत गोरी फौज या जंगलात पाऊल टाकू शकत नाही. दर वर्षीचा पावसाळा गोंडांच्या बाजूने असे. या पावसाळ्यात शोधायला निघालेले लोक फौजेचे नव्हते. त्यांना प्रत्येक उतार ठाऊक होता.

जुलै १८५८, भोपालपट्टणम.

बाबूराव इंद्रावतीपलीकडे बस्तरच्या हद्दीत, भोपालपट्टणमला होते. अहेरीकडच्या रोहिल्यांनी त्यांना तिथे गाठलं. ते झोपेत होते. हात बांधून घेऊन निघाले.

आणि वाटेत रोहिल्यांनी त्यांना सोडून दिलं.

बाबूराव त्यांच्याशी बोलले. आपण कशासाठी उठलो आहोत, ते सांगितलं. भाडोत्री म्हणून ज्यांची गणना होते त्या माणसांनी हजार रुपयांचा कैदी मोकळा केला. सगळ्या हकिगतीत एवढा एकच निर्णय असा आहे, की ज्याने घड्याळ थांबलं.

यानंतरचे जवळपास दोन महिने मला सर्वांत अस्वस्थ करतात. आता शंका उरली नव्हती. कोण शोधतंय, कुणाच्या सांगण्यावरून, बक्षीस किती, बस्तरच्या हद्दीतही माणसं येतात की नाही, सगळं बाबूरावांना कळलं होतं. गोदावरी ओलांडून निजामाच्या मुलखात उतरणं, किंवा बस्तरच्या डोंगरांत आणखी आत जाणं, या दोन वाटा होत्या. व्यंकटरावांनी बस्तरची वाट धरली. बाबूराव अहेरीच्या माणसांच्या हाताबाहेर गेले नाहीत.

२ ऑगस्ट १८५८, लंडन. उरले ८० दिवस.

हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून काढून राणीकडे देणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. अंमल तीस दिवसांनी.

१ सप्टेंबर, लंडन. उरले ५० दिवस.

ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य कायद्याने संपलं. हिंदुस्थानात त्याचा जाहीरनामा अजून वाचायचा होता. तोवर चांद्याच्या कचेरीत जुनाच कारभार, जुनेच अधिकारी, जुनाच कडकपणा.

१८ सप्टेंबर, शनिवार. उरले ३३ दिवस.

लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबूरावांना दुसऱ्यांदा पकडलं. या वेळी वाटेत कुणी सोडलं नाही. त्यांना चांद्याला आणून क्रिक्टनच्या ताब्यात दिलं.

१८ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर, चांदा.

चांद्याचा तुरुंग गोंड राजांच्या जुन्या वाड्यात आहे. ज्या भिंतींच्या आत त्यांच्या जातीच्या राजांनी राज्य केलं त्याच भिंतींच्या आत बाबूरावांना ठेवलं.

खटला चालला. आरोप सरकारविरुद्ध बंडाचा. पाठीशी चिचगुंडीचे दोन खून. पकडल्यापासून फासापर्यंत सगळं मिळून तेहतीस दिवस लागले. रायपूरच्या चार दिवसांशी ताडून पाहिलं तर क्रिक्टनने घाई केली नाही, असंही कुणी म्हणेल. पण या तेहतीस दिवसांत राज्य बदलल्याचा कायदा लंडनमध्ये अमलात होता, राणीच्या जाहीरनाम्याचा मसुदा झाला होता आणि त्यात माफीचं कलम होतं. चांद्यात कुणी महिनाभर थांबायचं ठरवलं असतं तर हा खटला नव्या कागदाच्या उजेडात उभा राहिला असता. शिक्षा वेगळी झाली असती, असं मी म्हणणार नाही. चिचगुंडी आडवी आली असती. पण प्रश्न तरी विचारावा लागला असता: त्या रात्री बाबूरावांचा हात प्रत्यक्ष होता का?

तो प्रश्न विचारायची वेळ येऊ दिली नाही.

२१ ऑक्टोबर १८५८, गुरुवार, चांदा.

नुकताच दसरा झाला होता. कोजागरी तोंडावर होती. पावसाळा संपून वाटा सुकल्या होत्या. जंगलातून चांद्याला चालत येता येईल असे हे दिवस.

दुपारी चारच्या सुमारास बाबूरावांना तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाखाली आणलं. त्याच झाडाला फास लावला होता.

गोंड माणसं पुढे सांगत आली, की दोर तुटला. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा तुटला आणि पुन्हापुन्हा बांधावा लागला. सरकारी कागदात असं काही नसतं. तिथे नाव, गुन्हा, शिक्षा, तारीख. दर वर्षी २१ ऑक्टोबरला लोक त्या पिंपळापाशी जमतात ते पहिली हकिगत मनात धरून. मला त्यात चूक दिसत नाही. ज्या माणसाचा दोर आपल्याच भागातल्या माणसांनी वळला त्याचा दोर निदान गोष्टीत तरी तुटावा, असं त्या लोकांना वाटलं.

१ नोव्हेंबर १८५८, सोमवार. अकरा दिवस उलटले.

दिवाळीच्या तोंडावर हिंदुस्थानभर राणीचा जाहीरनामा वाचला. कंपनी गेली, राणी आली. हत्यार उठवलेल्यांना माफी, १ जानेवारीपर्यंत घरी परतले तर. ज्यांनी बंडाचं पुढारपण केलं त्यांच्याही जिवाची हमी. अपवाद इंग्रज प्रजाजनांच्या खुनात ज्यांचा प्रत्यक्ष भाग होता त्यांचा.

पुढाऱ्याच्या जिवाची हमी, आणि खुनाचा अपवाद. बाबूरावांचं प्रकरण नेमकं या दोन वाक्यांच्या मध्ये येतं.

एप्रिल १८६०.

बस्तरच्या राजाने व्यंकटरावांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केलं. तोच उठाव, त्याच लढाया, पुढाऱ्यांच्या यादीत बाबूरावांखालोखाल नाव. या वेळी फास नव्हता. जन्मठेप झाली आणि जमीनदारी जप्त झाली. पकडून देणारा पुन्हा शेजारचाच होता. बदलली होती ती फक्त तारीख: बाबूराव हाती लागले आणि व्यंकटराव हाती लागले, यांत दीड वर्षाचं अंतर होतं.

अडपल्ली-घोटची ६७ गावं सरकारने लक्ष्मीबाईंना बक्षीस दिली.